नळाला अर्थिंग जोडतात ते वीज जमिनीत घालवण्यासाठी नव्हे

पाण्याच्या आणि गॅसच्या धातूच्या पाइपांना घराच्या मुख्य अर्थिंगशी जाड तारेने जोडतात, ते कशासाठी? पाइपात करंट उतरलाच तर तो जमिनीत निघून जावा म्हणून, असं उत्तर हमखास मिळतं. पण या जोडणीचं, म्हणजे बाँडिंगचं, मुख्य काम वेगळं आहे. घरच्या वायरिंगमधली मला सर्वांत देखणी वाटणारी कल्पना हीच.

ओहमचा नियम आठवा. धारा, म्हणजे करंट, वाहते ती विभवांतरामुळे, म्हणजे दोन जागांच्या व्होल्टेजमधल्या फरकामुळे. एखादी वस्तू २०० व्होल्टवर आहे एवढ्याने शॉक बसत नाही. एक हात २०० व्होल्टवर आणि दुसरा शून्यावर असला की बसतो. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८३६ साली १२ फुटी घनाकार पिंजरा उभारला, तो जमिनीपासून अलग ठेवून विद्युतभारित केला आणि स्वतः आत गेला. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आत मात्र त्याच्या नाजूक उपकरणांना विजेचा मागमूसही लागला नाही, कारण आत सगळंच एका व्होल्टेजवर होतं.

आता गिझर घेऊ. आतली फेजची तार सुटून धातूच्या बॉडीला चिकटली. बॉडीला अर्थिंग आहे, पण घराच्या अर्थ इलेक्ट्रोडचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धातूच्या दांड्याचा, जमिनीशी रोध (विजेला होणारा अडथळा) समजा २० ओहम आहे आणि धारा जमिनीतून जिथे परतते त्या ट्रान्सफॉर्मरच्या इलेक्ट्रोडचा ३ ओहम. २३० व्होल्ट भागिले २३, म्हणजे धारा १० अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा धारा वाहिली की वीज तोडणारा खटका, एवढ्याने पडणार नाही. आणि २० ओहममधून १० अँपिअर वाहतात म्हणजे गिझरची बॉडी जमिनीच्या मानाने २०० व्होल्टवर जाऊन बसली, तीही अर्थिंग असताना! शेजारचा नळ जमिनीत पुरलेल्या लोखंडी पाइपाचा, म्हणजे जवळपास शून्यावर. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला, तर दोन्हींना एकदम हात लावणाऱ्याच्या शरीरातून २०० मिलिअँपिअर जातील. हे प्राणघातक आहे.

तोच पाइप घरात शिरतो तिथे मुख्य अर्थ पट्टीशी, म्हणजे घरातल्या सगळ्या अर्थच्या तारा जिथे एकत्र येतात तिथे, जोडा. आता बॉडीचं व्होल्टेज चढलं की नळाचंही तिच्याबरोबर चढतं. पुरलेला पाइप स्वतःच इलेक्ट्रोडसारखा वागत असल्याने धारा वाढेल, समजा ३० अँपिअर होईल. गिझरपासून पट्टीपर्यंतच्या अर्थच्या तारेचा रोध ०.२ ओहम असेल, तर बॉडी आणि नळ यांच्यातला फरक फक्त ६ व्होल्ट. कोरड्या जागी ५० व्होल्टपर्यंतचा स्पर्श सहसा धोक्याचा मानत नाहीत, त्याच्या कितीतरी खाली. दोष तसाच आहे, पण दोन हातांमधला फरक नाहीसा झाला. ओली फरशी मात्र शून्याजवळ राहू शकते. म्हणून न्हाणीघराच्या काँक्रीटमधल्या सळयाही जोडणं उत्तम.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे धारेची गळती ओळखून वीज तोडणारा खटका, अशा दोषात वीज क्षणात तोडेल आणि तो हवाच. पण त्यात हलणारे भाग असतात, ते अडकू शकतात. बाँडिंगमध्ये अडकण्यासारखं काही नाही: तांब्याची तार आणि घट्ट क्लॅम्प. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४ मुख्य बाँडिंगसाठी किमान ६ चौरस मिलिमीटर तांबं मागतं.

उलट, जिथे गरज नाही तिथे अर्थ जोडणं घातकही ठरतं. प्लॅस्टिकच्या पाइपावरचा एकटा धातूचा नळ कुठेच जोडलेला नसतो. १५ मिलिमीटर पोकळीच्या पाइपातल्या मीटरभर पाण्याचा रोधच साधारण लाख ओहम भरतो. अशा नळाला अर्थ जोडला, तर एका हाताने सदोष उपकरण धरलेल्या माणसाच्या दुसऱ्या हाताला आपण शून्य व्होल्ट आणून देतो. शरीर अर्थला जोडून ‘नकारात्मक ऊर्जा’ बाहेर काढणाऱ्या चटया विकल्या जातात, त्यांच्यामागे विज्ञान नाही. चटईच्या तारेत संरक्षक रोध नसेल, तर धोका हाच.

गॅसच्या पाइपाला बाँडिंग हवं, पण तो पाइप अर्थ इलेक्ट्रोड म्हणून कधीही वापरू नये. जोडणी मीटरनंतर, घराच्या बाजूला, पहिल्या फाट्याच्या आधी करतात. आणि पाइप कापायचा असेल, तर आधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तात्पुरती जाड तार बांधतात. पाइपातून वाट चुकलेली धारा जात असेल, तर तो तुटताक्षणी ठिणगी पडते, आणि तिथे गॅस असतो. ही तार पाइप पुन्हा अखंड जोडला गेल्यावरच काढायची.