पोत्यातला किरणोत्सार आणि ताटातला

पोटॅश खताच्या पोत्यावर गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) धरायचा, टकटक वाढली की कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं, "हेच तुम्ही खाताय!" असला व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा आला. खाली आत्याचं उत्तर: "म्हणून मी सेंद्रियच घेते." सेंद्रिय जरूर घे आत्या, पण या कारणासाठी नको.

सेंद्रिय आणि रासायनिक शेतीतला फरक सांगत बसत नाही, तो सगळ्यांना ठाऊक आहे. घोळ होतो निराळ्याच जागी. किरणोत्सार खतात असणं वेगळं आणि पिकात येणं वेगळं.

पोत्यावरची टकटक खरीच असते. निसर्गातल्या कुठल्याही पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के भाग पोटॅशियम-४० चा, म्हणजे किरणोत्सारी असतो. ग्रॅमभर पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. यालाच ३१ बेकरेल म्हणायचं. खाणीतलं पोटॅश, शेण, चुलीतली राख, तुमचं-माझं रक्त, सगळीकडे हे प्रमाण एकच. 'सेंद्रिय पोटॅशियम' नावाचा कुणी सोज्वळ भाऊ नाही. म्युरेट ऑफ पोटॅशच्या, म्हणजे नेहमीच्या पोटॅश खताच्या, ५० किलोच्या पोत्यात जवळपास २५ किलो पोटॅशियम असतं. शेणखतात अर्धा टक्का पालाश (खताच्या हिशेबातलं पोटॅशियमचं ऑक्साइड) धरला, तर पाच टनांत नुसतं पोटॅशियम २० किलोच्या वर भरतं. म्हणजे दोन्हीकडून शेतात जाणारा किरणोत्सार जवळपास तेवढाच. शेणखतात तो ढीगभर मालात पसरलेला असतो, म्हणून तिथं काउंटर फारसा ओरडत नाही.

आता रोपाकडे या. रोप पोटॅशियम घेतं ते आपल्या गरजेपुरतं. मुबलक मिळालं तर थोडं जास्त ओढतं, पण म्हणून बटाट्याची तूर होत नाही. किलोभर बटाट्यात १३० बेकरेलच्या आसपास, पांढऱ्या तांदळात ३५, तूरडाळीत ४३०. मोठा फरक पिकापिकातला आहे, खताच्या जातीचा नाही. (आणि किरणोत्सारी म्हणून सतत ज्याचं नाव घेतात त्या केळ्याला आता सोडा की! एका केळ्यात १३-१४ बेकरेल. वरणाला ५० ग्रॅम डाळ घेतली तर २१, पण वरणाचं नाव कुणी घेत नाही.) शिवाय जादा पोटॅशियम शरीर लघवीवाटे टाकून देतं, त्यामुळे ते अंगात साठतही नाही.

स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसच्या खतांची, गोष्ट जरा वेगळी. फॉस्फेटच्या खडकात युरेनियम आणि त्यातून तयार होणारं रेडियम असतं. डीएपी या खतासाठी या खडकापासून आम्ल काढतात, तेव्हा रेडियम बहुतेक उरलेल्या जिप्सममध्ये मागे राहतं आणि युरेनियम बरंचसं आम्लाबरोबर पुढं जातं. सिंगल सुपर फॉस्फेट या दुसऱ्या खतामध्ये दोन्ही राहतात. आणि नुसता दळलेला रॉक फॉस्फेट? त्यातही दोन्ही जसंच्या तसं. हा रॉक फॉस्फेट सेंद्रिय प्रमाणीकरणात अटींसह चालतो, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत.

तरी घाबरू नका. युरेनियम-रेडियम बरंचसं मातीच्या कणांना चिकटून बसतं. मुळापर्यंत पोचलं तरी बहुतेक तिथंच अडतं, दाण्यात फारच थोडं चढतं. वर्षानुवर्षं भरमसाट स्फुरद घातला तर जमिनीतलं युरेनियम हळूहळू वाढतं, ही तक्रार रास्त आहे. पण तिचं उत्तर माती परीक्षण करून डोस कमी करणं हे आहे, भाजीवरचं लेबल बदलणं नव्हे. मेथी-पालकाच्या पानांवर उडालेली माती मात्र दोन पाण्यांनी धुवाच, भाजी कुठल्याही शेतातली असो.

ब्राझील नट्स अॅमेझॉनच्या जंगलातून वेचून आणतात. खत नाही, फवारणी नाही. ते झाड मातीतलं बेरियम भरपूर ओढतं, आणि रेडियम हे रसायनाच्या हिशेबानं बेरियमचं सख्खं भावंड, त्यामुळे तेही सोबत येतं. रेडियमच्या बाबतीत खाण्यातला दुसरा क्वचितच कुठला पदार्थ या नट्सच्या जवळ जातो. आत्याच्या फ्रीजमध्ये त्यांचं पाकीट आहे, वर ठसठशीत लिहिलेलं: 'ऑरगॅनिक'.