नवा इलेक्ट्रिक पंप बसवला, तरी इंजिन उपाशी का?

जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीला (कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवला की सुरुवातीला सगळं झकास वाटतं, चावी फिरवली की मागून टिकटिक ऐकू येते, गाडी पटकन चालू होते, आणि मग एखाद्या लांब चढावर ती झटके खायला लागते, पिकअप जातो, कार्बोरेटरमधून फटफट खोकते आणि बंद. पाच-दहा मिनिटं थांबलं की परत चालू, जसं काही झालंच नाही. मग बहुतेक लोक पंपाच्या नावाने बोटं मोडतात आणि त्याहून दमदार पंप आणून लावतात. पण पंप बऱ्याचदा ठणठणीत असतो, घोळ असतो तो त्याच्या मागे, टाकी आणि पंप यांच्यामधल्या हातभर पाइपात, नाहीतर त्याच्या वायरीत.

आधी एक खात्री करून घ्या, की खरंच पेट्रोलच कमी पडतंय. तापलेली इग्निशन कॉइल किंवा मरत आलेला कंडेन्सर, म्हणजे स्पार्क पाडणारे भाग, हुबेहूब असंच नाटक करतात. स्पार्क गेला तर गाडी बहुतेक वेळा बटण बंद केल्यासारखी एकदम मरते, पेट्रोल कमी पडलं तर रडतरडत, हळूहळू मरते. हा नियम काही शंभर टक्के नाही, त्यामुळे इंजिन बंद पडल्या पडल्या, लगेच चावी बंद करून (नाहीतर पंप पेट्रोल भरतच राहतो), थोडं निवू देऊन कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरचं, म्हणजे त्याच्यातल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्याचं, झाकण उघडून बघा. आत पेट्रोल जिथे हवं तिथे असेल तर पंपाचा पिच्छा सोडा आणि इग्निशनकडे वळा.

आता चढावरच असं का होतं ते बघू, आणि त्यासाठी थोडा हिशोब. पेट्रोल इंजिनाला जोर लावताना एका किलोवॉट-तासामागे ढोबळमानाने ३०० ग्रॅम पेट्रोल लागतं. म्हणजे ६० किलोवॉटचं, साधारण ८० हॉर्सपॉवरचं इंजिन फुल दाबलं तर तासाला १८ किलो, लिटरमध्ये २४ च्या आसपास, मिनिटाला ४०० मिली. तीच गाडी सपाट रस्त्यावर ६० च्या स्पीडने १० चं ॲव्हरेज देत असेल तर मिनिटाला १०० मिलीत भागतं. समजा काही कारणाने कार्बोरेटरपर्यंत मिनिटाला ३०० मिलीच पोचतंय, तर सपाटीवर तुम्हाला कधी कळणारसुद्धा नाही. चढावर मात्र मिनिटाला १०० मिलीची तूट पडते, ती फ्लोट चेंबरमधल्या साठ्यातून भरून निघते, आणि तिथे ६० मिली असेल तर अर्ध्या मिनिटात जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं, उघडी पडायला लागतात. म्हणून चढ सुरू होताना गाडी मस्त ओढते आणि मग अचानक दम तोडते. थांबलात की पंप निवांतपणे चेंबर परत भरतो आणि गाडी शहाण्यासारखी चालू होते!

मग ते ३०० मिलीच का येतं? इथे पंपाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. हल्ली मिळणारे छोटे चौकोनी टिकटिक पंप किंवा गोल रोटरी पंप ढकलायला चांगले, ओढायला कच्चे. आणि ओढणं म्हणजे तरी काय, पंप फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, पेट्रोलला ढकलत आणते ती टाकीतली हवा, तिचा दाब समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल, त्यापेक्षा एक कणही जास्त नाही. आता पेट्रोलचा स्वतःचा बाष्पदाब ३८ अंशाला ५० ते १०० किलोपास्कलच्या मधे कुठेतरी असतो, कुठल्या ऋतूसाठी बनवलंय त्यावर. म्हणजे गरम दिवशी, तापलेल्या इंजिनाजवळच्या पाइपात, दाब थोडासा जरी खाली गेला तरी पेट्रोलातले हलके घटक तिथल्या तिथे उकळायला लागतात. पंपाच्या पोटात वाफ गेली की तो वाफच चिवडत बसतो. शिवाय पेट्रोल एक मीटर वर चढवायचं म्हटलं तर ७ किलोपास्कल, म्हणजे साधारण १ पीएसआय तिथेच खर्ची पडतो. म्हणून इंजिनावर चालणारा जुना मेकॅनिकल पंप काढला आणि नवा त्याच जागी, बोनेटखाली लावला, हे सोयीचं वाटलं तरी चुकीचं. जागा मागे, टाकीजवळ, शक्यतो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याखाली, एक्झॉस्टपासून लांब. (मॉरिस मायनर या जुन्या ब्रिटिश गाडीत एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप कंपनीनेच बोनेटखाली दिला होता हे खरं आहे, पण तो पंप लांबून ओढण्यासाठीच बनवलेला होता, आजचा बाजारातला कुठलाही पंप तिथे नेऊन लावायचा हा त्याचा अर्थ नाही.)

पाइपाची जाडी लोक फार हलक्यात घेतात. १८४० च्या सुमारास प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो ते मोजलं, त्याला खरं तर शरीरातल्या रक्तप्रवाहात रस होता, आणि त्यातून निघालेला नियम सांगतो की संथ प्रवाह हा नळीच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे आतून ६ मिमीच्या पाइपाऐवजी ५ मिमीचा लावलात तर तेवढ्याच दाबात प्रवाह जवळपास निम्म्यावर येतो. दिसायला फरक काहीच नाही. आणि जुना रबरी होज बाहेरून टकाटक दिसत असताना आतून फुगलेला असू शकतो, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात जुनं रबर हमखास बिघडतं, किंवा तो इतका मऊ पडलेला असतो की ओढताना स्ट्रॉ चिमटावी तसा चपटा होतो आणि पंप थांबला की परत गोल. हे बंद गाडीत कधीच सापडणार नाही.

तसाच दुसरा छुपा रुस्तम म्हणजे टाकीतला कचरा. गंजाचा एखादा पापुद्रा किंवा जुन्या पेट्रोलचा चिकट थर सुटून टाकीतून पेट्रोल उचलणाऱ्या पिकअप पाइपाच्या तोंडाशी येतो, ओढलं की चिकटतो, गाडी बंद पडली की गळून खाली बसतो. थांबलं की बरी होणारी गाडी, तिचं हे अगदी क्लासिक कारण. त्यावर उपाय म्हणून पंपाच्या आधी बारीक कागदी फिल्टर लावतात आणि तोच गळा आवळतो. पंपाआधी जाड जाळीचा, पंपानंतर बारीक, असा क्रम ठेवा. पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो म्हणून मात्र घाबरू नका, वर हवा अडकून राहते, बरेचदा ते नॉर्मलच असतं. सतत बुडबुडे येत असतील तर मात्र कुठेतरी हवा घेतोय, आणि ओढणाऱ्या बाजूची गळती बऱ्याचदा पेट्रोल टिपकवत नाही, त्यामुळे ती कोरडीच राहते आणि डोळ्याला दिसत नाही. तिथल्या क्लिप आणि जॉइंट सगळे नव्याने करणं हाच सरळ मार्ग.

टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय का तेही बघाच. गाडी मरायला लागली की झाकण उघडा, सूंऽऽ करून हवा आत गेली तर गुन्हेगार सापडला.

टिकटिक करणाऱ्या पंपाचा मोठा फायदा म्हणजे तो स्वतःच सांगतो काय झालंय ते. चेंबर भरलं, त्याच्या तोंडाशी पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह बंद झाला की त्याची टिकटिक मंदावते, पेट्रोल मागितलं की वाढते. म्हणून गाडी मरत असताना, शेजारी बसलेल्याला कान द्यायला सांगा. टिकटिक वेड्यासारखी जोरात चालली असेल तर पंपाकडे पेट्रोल येतच नाहीये, तो हवा किंवा वाफ मारतोय, मागे शोधा. टिकटिक मंद, आरामात, आणि तरी इंजिन उपाशी, तर पंप पुढच्या अडथळ्याशी झुंजतोय, म्हणजे तुंबलेला फिल्टर, कमी सेट केलेला प्रेशर रेग्युलेटर, कार्बोरेटरच्या तोंडातली छोटी जाळी किंवा अडकलेला नीडल व्हॉल्व्ह. टिकटिक बंदच असेल तर बहुधा करंटचा मामला. अपवाद एकच, व्होल्टेज कमी मिळत असेल तरी टिकटिक मरगळलेली येते, आणि तो प्रकार खूपच कॉमन आहे.

कारण पंपाची वायर कुठून घ्यायची याचा कंटाळा. समोर दिसतो कॉइलचा प्लस, चावी चालू की करंट, मारला जोड. पण बऱ्याच जुन्या गाड्यांत कॉइलला करंट बॅलास्ट रेझिस्टरमधून, म्हणजे व्होल्टेज मुद्दाम कमी करणाऱ्या भागातून येतो, इंजिन चालू असताना तिथे ६ ते ९ व्होल्टच मिळतात. पंप चालतो, टिकटिकतो, फक्त अर्ध्या जिवावर, आणि वर कॉइलचाही वाटा खातो, म्हणजे स्पार्कही कमजोर. पंपाला फ्यूज लावून रिलेतून (करंटवर चालणाऱ्या स्विचमधून) स्वतंत्र वायर द्या. अर्थिंगही, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारा जोडही, तितकंच महत्त्वाचं, रंगावर किंवा गंजावर कसलेला बोल्ट म्हणजे अर्थिंग नव्हे. मल्टीमीटर लावताना पंप चालू ठेवूनच थेट त्याच्या टर्मिनलवर मोजा, वायर काढून मोजलं तर खराब जोडातूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण करंट वाहतच नसतो. बॅटरीवर आणि पंपावर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायरिंग बघा. आणि बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, तिथे आधुनिक इलेक्ट्रॉनिक पंप उलटा जोडला की तो जळू शकतो, तेव्हा घेतानाच विचारून घ्या.

सगळ्यात खात्रीची टेस्ट म्हणजे प्रवाह मोजणं. इंजिन थंड, उघडी जागा, जवळपास ठिणगी नाही, अग्निशामक हाताशी. कार्बोरेटरचा होज काढून मोजपात्रात सोडा, इंजिन बंद ठेवून पंप ३० सेकंद चालवा. वरच्या ६० किलोवॉटच्या इंजिनाला अर्ध्या मिनिटात २०० मिली लागतात, तर मोकळ्या तोंडाने निदान त्याच्या दुप्पट पडायला हवं. कमी पडलं तर पंपाला चांगल्या डब्यातून छोट्या नव्या होजने थेट पेट्रोल देऊन परत मोजा. आता भरभरून आलं की दोष टाकीच्या बाजूला, तरी कमीच आलं की पंप, करंट किंवा पुढची लाइन.

एवढं सगळं सोडून नुसता जास्त प्रेशरचा पंप लावला तर काय होतं? एसयू कार्बोरेटरला १.५ ते ३ पीएसआय आवडतं, ७ पीएसआय दिलंत तर नीडल व्हॉल्व्ह मागे रेटला जातो आणि गरम इंजिनावर पेट्रोल ओसंडतं. प्रेशर आणि प्रवाह या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, तुम्हाला कमी पडतोय तो प्रवाह.

जुना मेकॅनिकल पंप लाइनमध्ये तसाच ठेवण्याचीही सवय असते, बॅकअप म्हणून. त्याचे व्हॉल्व्ह अडथळा करतात हे एक, पण त्याचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटला तर नवा पंप ढकलून ढकलून पेट्रोल सरळ इंजिन ऑइलमध्ये भरतो. तो काढा, जागेवर भोक झाकणारी ब्लँकिंग प्लेट लावा. आणि इंजिन बंद पडलं तरी हा पंप चावी चालू आहे तोवर पेट्रोल मारतच राहतो, म्हणून अपघातात करंट तोडणारा इनर्शिया स्विच त्याच वायरिंगमध्ये घालून टाका.