डोक्यावरचा डंबेल तेजोमेघ

कोजागरी उलटून चार-पाच दिवस झाले की चंद्र उशिरा उगवू लागतो आणि पावसाने धुतलेल्या आकाशात छायाचित्रणाला दोन-तीन तास मिळतात. अशा संध्याकाळी नाशिकचे दिवे मागे टाकून अंजनेरीच्या बाजूला गेल्यास डंबेल तेजोमेघ, म्हणजेच एम २७ (खगोलशास्त्रज्ञ मेसिए यांच्या यादीतील २७ वी नोंद), अंधार पडताच जवळजवळ डोक्यावर सापडतो. नाशिकचा अक्षांश २० अंश आणि या तेजोमेघाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तरेकडील अंतर) सुमारे २२.७ अंश असल्यामुळे त्याचा प्रकाश वातावरणाच्या कमीत कमी जाडीतून येतो. युरोपातील निरीक्षकांना ही सोय नाही. शर तारकासमूहातील बाणाच्या टोकापासून तीन अंश उत्तरेला त्याला शोधावे.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शार्ल मेसिए यांनी १७६४ मध्ये नोंदवलेला हा पहिला ग्रहीय तेजोमेघ. ग्रहांशी त्याचा संबंध नाही. सूर्यासारखा तारा अखेरीस आपले बाह्य थर सोडून देतो आणि उघड्या पडलेल्या तप्त गाभ्याच्या अतिनील किरणांनी तो वायू उजळतो.

सहा इंची दुर्बिणीतून डोळ्याला फक्त राखाडी धूसर ठिपका दिसतो, कारण इतक्या मंद प्रकाशात आपल्याला रंग कळत नाहीत. कॅमेऱ्याच्या तीस सेकंदांच्या पहिल्याच चित्रात मात्र हिरवट निळी छटा उमटते, आणि मला या साऱ्या खटाटोपात तोच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांना अशाच एका तेजोमेघाच्या वर्णपटात ठळक हिरवी रेषा आढळली. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ हे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. प्रयोगशाळेतील वायू इतका दाट असतो की हा प्रकाश बाहेर टाकण्याआधीच अणूची दुसऱ्या कणाशी टक्कर होते. तेजोमेघातील विरळ वायूत मात्र त्याला तेवढी सवड मिळते.

या रेषेची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर आहे. तेवढाच पट्टा आत सोडणारा फिल्टर लावल्यास शहराच्या गच्चीवरूनही चित्र निघते. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा साध्या कॅमेऱ्यातील फिल्टर बरीचशी अडवतो, म्हणून लाल कडा फिकी येते.

आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीणही फिरत राहावी म्हणून तिच्या बैठकीचा अक्ष ध्रुवाकडे नीट रोखलेला हवा. येथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर, बहुधा धुरकट हवेत असतो, त्यामुळे या कामाला घाई करू नये. तीस सेकंदांची शंभर चित्रे संगणकावर एकत्र केल्यास तेजोमेघ पार्श्वभूमीच्या गोंगाटातून (चित्रातल्या दाणेदारपणातून) एका चित्राच्या तुलनेत दहापट स्पष्ट उठून दिसतो, आणि त्याच्या मधोमध एक बारीक निळसर बिंदू उमटतो: हे सारे थर ज्याने सोडले, तो उरलेला गाभा.