जी. ए. हेंटी : मराठ्यांच्या युद्धावर लिहिणारा इंग्रज बालकादंबरीकार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील मुलग्यांना बक्षीस म्हणून ज्याची पुस्तके हमखास मिळत, त्या जॉर्ज आल्फ्रेड हेंटीचे (१८३२–१९०२) नाव आज तिथेही फारसे कुणाला आठवत नाही. केंब्रिजचे शिक्षण अर्धवट सोडून तो क्रिमियाच्या युद्धात लष्करी रुग्णालयांच्या पुरवठा खात्यात गेला. तिथून त्याने घरी धाडलेली पत्रे वडिलांनी एका संपादकाला दाखवली, ती छापून आली आणि पुढे ‘स्टँडर्ड’चा युद्धवार्ताहर म्हणून त्याने इटली, अबिसीनिया आणि पश्चिम आफ्रिकेतील मोहिमा जवळून पाहिल्या. स्वतःच्या मुलांना रात्री सांगितलेल्या गोष्टींतून त्याचे पहिले बालपुस्तक जन्मले.

त्याच्या खपाचे कारण मात्र केवळ त्याच्या लेखणीत शोधून चालणार नाही. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये शाळा वाढल्या, शाळांतून आणि चर्चच्या रविवारच्या वर्गांतून बक्षिसादाखल पुस्तके देण्याची प्रथा फोफावली, आणि या मागणीसाठी ग्लासगोच्या ब्लॅकी प्रकाशनाने हेंटीकडून वर्षाला दोन-तीन कादंबऱ्या नियमाने लिहून घेतल्या. लिहून घेतल्या म्हणणे अगदी शब्दशः खरे आहे, कारण संदर्भग्रंथ वाचून तो मजकूर तोंडी सांगे आणि लेखनिक उतरवून घेई. साचाही ठरलेला होता : पोरका किंवा गरिबीत पडलेला धीट मुलगा, एखादे इतिहासप्रसिद्ध युद्ध, बड्या सेनानीची मर्जी आणि शेवटी प्रतिष्ठेसह संपत्ती.

याच साच्यात त्याने आयुष्याच्या अखेरीस इंग्रज-मराठा युद्धावर ‘ॲट द पॉइंट ऑफ द बायोनेट’ लिहिली. तिचा नायक मराठा दाईने वाढवलेला इंग्रज मुलगा आहे; मराठ्यांची भाषा आणि चालीरीती त्याच्या अंगवळणी पडल्या आहेत, आणि या साऱ्याचा उपयोग तो कंपनीच्या कामासाठी करतो. अशा मुलाच्या मनात ज्या ओढाताणीची अपेक्षा आपण करू, तिच्यात हेंटीला रस नव्हता. कथा साम्राज्याच्या विजयाकडेच जाणार, हे त्याच्या वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असे.

साम्राज्य ओसरले तशी ही खात्रीच कालबाह्य ठरली, आणि काळ्या लोकांविषयीची त्याची तुच्छतादर्शक विधाने पुढच्या पिढ्यांना वाचवेनाशी झाली. त्याची पुस्तके पुन्हा छापली गेली ती मुख्यतः अमेरिकेत, मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी. त्यांना हेंटीच्या नायकांचा सच्चेपणा आणि धैर्य हवे होते.