कॅनमधल्या स्टाउटला पत्र्याची चव लागते का?

‘चांगली बिअर बाटलीतलीच, कॅनमध्ये तिला पत्र्याची चव येते,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. इम्पीरियल स्टाउटसारख्या दाट, काळ्याकुट्ट बिअरबद्दल तर हमखास. पण ते खरं नाही.

कॅनला आतून पॉलिमरचा पातळ थर असतो, त्यामुळे बिअर धातूला लागतच नाही. अमेरिकेत रिचमंडमध्ये २४ जानेवारी १९३५ला क्रूगर या कंपनीची कॅनमधली बिअर पहिल्यांदा विक्रीला आली, तेव्हाच्या डब्यांनाही आतून लेप होता.

मग चव येते कुठून? कॅनला थेट तोंड लावलं, की ओठ आणि नाक दोन्ही झाकणाला भिडतात, आणि चवीचा मोठा भाग वासाचाच असतो. बिअर ग्लासात ओता, तक्रार बहुतेक वेळा तिथेच मिटते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या ऑस्कर ब्लूज या ब्रुअरीची ‘टेन फिडी’ घ्या. १०.५ टक्के अल्कोहोलची ही इम्पीरियल स्टाउट कॅनमध्ये मिळते. ग्लासात ती संथ, जड धारेनं उतरते, वर कोकोच्या रंगाचा फेस धरते. फ्रीजमधून काढल्या काढल्या पिऊ नका, अशा बिअरवर तो अन्यायच आहे! वीसेक मिनिटं थांबा. १२-१३ अंशांना आली, की भाजलेल्या बार्लीतून कॉफी, कडू चॉकलेट आणि चक्क काकवी जाणवू लागते.

उलट उजेडाची भीती बाटलीला जास्त. उजेडानं हॉप्समधली, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली, द्रव्यं बिघडून उग्र दर्प येतो. कॅनमध्ये उजेड शिरतच नाही.