बॅटरी नवी, तरी सेल्फ का लागत नाही?

जुना ट्रक सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) घेत नाही. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून तो कसाबसा सुरू होतो आणि मालक बॅटरी बदलून मोकळा होतो. काही महिन्यांत पुन्हा तेच! बॅटरीवाल्याच्या नावाने खडे फोडण्याआधी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर काढावा.

जड ट्रकमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचे पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला) जोडून २४ व्होल्ट मिळवतात. टेप, मोबाइलचा चार्जर, केबिनमधला पंखा मात्र बहुधा १२ व्होल्टचा. मग कुणीतरी दोन बॅटऱ्यांच्या मधून तार ओढतो. टेप झकास वाजतो, पण गोम तिथेच असते. ही सगळी वीज बॉडीला अर्थ केलेल्या एकाच बॅटरीतून जाते. उलट चार्जिंगचा करंट दोन्हींतून सारखाच वाहतो. परिणामी एक कायम अर्धपोटी राहते आणि तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात. दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि तिच्यातल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन उडून जातो. एकत्र मोजल्यास २४.६ व्होल्ट, म्हणजे वरकरणी ठीक. वेगवेगळे मोजल्यावर एक १२.७ आणि दुसरी ११.९ निघू शकते, ११.९ म्हणजे जवळपास रिकामीच. यावर २४चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवावा. जोडीतली एकच बॅटरी बदलणे ही खोटी काटकसर.

कधी दोन्ही बॅटऱ्या ठणठणीत असतात, हेडलाइटही लख्ख, पण सेल्फ नुसता कट्‌कट् करतो. तेव्हा संशय अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह बॉडीला व इंजिनला जोडणाऱ्या जोडांवर घ्यावा. गंजलेल्या जोडात ०.०१ ओहम इतकाच रोध (करंटला अडथळा) आहे असे धरा. ७० वॉटच्या बल्बला साधारण ३ अँपिअर लागतात, म्हणून जोडात ०.०३ व्होल्ट वाया जातात, कळतही नाही. सेल्फने ३०० अँपिअर ओढले की त्याच जोडात ३ व्होल्ट जातात. एवढा सूक्ष्म रोध साध्या मीटरच्या ओहमच्या खुणेवर सापडत नाही, तो करंट वाहतानाच पकडावा लागतो. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरायचे आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगायचे. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, तर क्लॅम्प आणि अर्थची पट्टी काढून, घासून, नट आवळून पुन्हा मोजायचे.

बॅटरी रात्रभरात उभ्या उभ्या उतरत असेल, तर सगळे स्विच बंद करून निगेटिव्ह केबल काढावी आणि खुंट व केबलच्या मधे २४ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (तारा जोडलेला साधा दिवा) लावावा. या अवस्थेत चावी चुकूनही फिरवू नये. दिवा ठळक पेटला, तर कुठेतरी करंट गळतोय. एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला दिवा विझेल, त्या सर्किटमध्ये दोष. सगळे फ्यूज काढूनही पेटतच राहिला, तर केबल पूर्ण सुटी ठेवून अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) जाड तार काढावी आणि दिवा पुन्हा मधे लावून पाहावा. आता पेटला नाही, तर अल्टरनेटरच्या आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला असतो.