कवड्या, मण्यार आणि उसने पट्टे

पावसाळ्यात गावच्या घरी रात्री पडवीत साप दिसला की तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘मण्यार’. आमच्याकडे असाच एक साप काठीखाली आला. मारणाऱ्याला दोष कसा द्यायचा? पोरं जमिनीवर अंथरूण घालून झोपलेली. मण्यार रात्रीच फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, पुष्कळदा दंश कळतही नाही आणि सूजही येत नाही. पहाटे पापण्या जड व्हायला लागतात तेव्हा काहीतरी घडलंय हे लक्षात येतं.

उजाडल्यावर मी तो मेलेला साप सुपात घेऊन पाहिला. काळपट तपकिरी अंग, त्यावर पांढुरके आडवे पट्टे. पट्टे मानेपासूनच सुरू झालेले, कुशीकडे जरा रुंदावलेले आणि शेपटीकडे पुसट होत गेलेले. मोठ्या मण्यारीचं याच्या उलट असतं. तिचं अंग निळसर काळं, चकचकीत. बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने, मानेजवळ नसतात किंवा अगदी फिके, आणि शेपटीकडे ठळक होत जातात. माझ्या मनात कवड्याचा संशय आला. कवड्या बिनविषारी. तो घरात शिरतो पालींच्या मागावर. त्याचे पट्टे मण्यारीची नक्कल आहेत असं सर्पतज्ज्ञ मानत आले आहेत. शत्रूने फसावं म्हणून अंगावर आलेल्या पट्ट्यांनीच त्याला काठीपर्यंत नेलं.

रंग हे संरक्षण असू शकतं, आणि ते उसनंही घेता येतं, ही कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे. तिचा उगम मात्र फुलपाखरांत आहे. १८४८ मध्ये हेन्री वॉल्टर बेट्स आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस हे दोन इंग्रज तरुण ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेले. वॉलेस चार वर्षांनी परतला, बेट्स तब्बल अकरा वर्षं राहिला. काही चविष्ट फुलपाखरं बेचव फुलपाखरांसारखी हुबेहूब दिसतात आणि त्यामुळे पक्ष्यांच्या चोचीतून सुटतात, असं त्याने १८६२ मध्ये मांडलं. १८६७ मध्ये वॉलेसने हाच विचार सापांना लावला. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात लाल, काळ्या, पिवळ्या वलयांचे विषारी कोरल साप आहेत, म्हणजे आपण ज्यांना पोवळे म्हणतो त्यांचे भाऊबंद. त्याच भागात तशाच वलयांचे निरुपद्रवी सापही सापडतात.

त्याच वर्षी डार्विन एका वेगळ्या कोड्यात अडकला होता. भडक रंग जोडीदाराला भुलवण्यासाठी, हे त्याचं उत्तर. पण काही सुरवंटही भडक असतात आणि सुरवंट तर जोडी जमवत नाहीत. त्याने वॉलेसला पत्र लिहिलं. वॉलेस म्हणाला, हा रंग म्हणजे इशारा असेल: ‘मला खाऊ नका, पस्तावाल.’

या तर्काची मला सर्वांत आवडणारी पडताळणी एका खाण अभियंत्याने केली आणि ती बेडकावर केली. थॉमस बेल्ट निकाराग्वातल्या सांतो डोमिंगो इथल्या सोन्याच्या खाणींवर कामाला होता. तिथल्या रानातले बाकीचे बेडूक हिरवे-तपकिरी, पानापाचोळ्यात मिसळून जाणारे. एक इवलासा बेडूक मात्र लाल-निळ्या रंगात भर दिवसा बिनधास्त उड्या मारत फिरायचा. याला कुणी खात नसणार, असं बेल्टच्या मनाने घेतलं. त्याने काही बेडूक घरी आणून कोंबड्या-बदकांपुढे टाकले. कुणी चोच लावेना. मग त्याने मांसाचे तुकडे फेकायला सुरुवात केली. त्यावर पाखरांची झुंबड उडाली आणि त्या गडबडीत एका बदकाच्या पिल्लाने बेडूक उचलला. गिळला नाही, लगेच थुंकला, आणि तोंडाची घाण चव झटकून टाकायची असावी तसं डोकं हिसडत फिरत राहिलं. बेल्टने हे १८७४ मध्ये छापलं. हाताशी ना प्रयोगशाळा ना उपकरणं, फक्त परसातली पाखरं आणि नीट बघणारा माणूस.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या अशा बेडकांच्या कातडीतली विषं रसायनशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात वेगळी काढली. कोलंबियातले एम्बेरा लोक फुंकणीच्या बाणांना लावत ते विष अशाच बेडकांचं; त्यांतल्या सर्वांत जहाल, सोनेरी बेडकाला शास्त्रीय नाव १९७८ मध्ये मिळालं. बंदिस्त जागेत जन्मलेल्या पिढीत हे विष नसतं, कारण ते रानातल्या किड्यामुंग्यांच्या आहारातून येतं. विष नसलं तरी अंगावरचा इशारा मात्र तसाच राहतो.

दुसरी बाजू लपण्याची. ह्यू कॉट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९४० मध्ये प्राण्यांच्या रंगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात बेडकाच्या मागच्या पायांवरचे पट्टे त्याने उलगडून दाखवले. पाय पसरले की मांडीवरचा, पोटरीवरचा आणि पावलावरचा पट्टा तुटक वाटतो. बेडूक पाय मुडपून बसला की तिन्ही जुळून एक सलग रेघ होते आणि पायाचा आकारच हरवतो. आपल्या शेताच्या बांधावरचा बेडूक बसलेला असताना वाकून बघा, बऱ्याचदा हीच किमया दिसेल.

सापांच्या नकलेचा वाद मात्र बराच काळ मिटला नाही. कोरल साप चावला आणि शिकारी मेला, तर तो धडा घेणार कधी, आणि त्याच्या धड्याचा फायदा नकल्याला मिळणार कसा? जर्मन सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मेर्टेन्सने १९५६ मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आणला. १९७५ मध्ये सुझन स्मिथ यांनी त्याच्या एका बाजूला उत्तर दिलं. त्यांनी मोटमोट या पक्ष्याची पिल्लं हाताने वाढवली. या पिल्लांनी साप कधी पाहिलेला नव्हता. त्यांच्यापुढे लाकडाच्या रंगवलेल्या कांड्या ठेवल्या. हिरव्या-निळ्या वलयांच्या कांड्यांवर पिल्लं चोच मारत. लाल-पिवळी वलयं दिसली की जवळही जात नसत. मरून शिकायची गरजच नव्हती, भीती जन्मतःच सोबत आली होती.

पुढे कोस्टारिकाच्या जंगलात एडमंड ब्रोडी (धाकटे) यांनी प्लॅस्टिसिनचे, म्हणजे मुलांच्या खेळातल्या मऊ रंगीत मातीचे, साप करून टाकले आणि त्या मातीत उमटलेल्या चोचींच्या खुणा मोजल्या. तीन रंगी सापांवर हल्ले कमी. २००१ मध्ये डेव्हिड फेनिग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अमेरिकेत जिथे खरा कोरल साप राहतो तिथेच नकल्याला शिकारी टाळतात; तो नसलेल्या भागात उसने रंग कामाला येत नाहीत. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका पट्ट्यातून १९६० च्या सुमारास कोरल साप नाहीसा झाला, तरी त्यानंतरच्या दशकांत तिथल्या नकल्याचे रंग त्याच्याशी अधिकच जुळत गेले. हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. ज्याची नक्कल करायची तो गेला, आणि नक्कल सुधारतच राहिली.

आपल्याकडे या नकलेची नोंद भाषेनेच ठेवली आहे. घोणशीसारखे डाग असलेल्या बिनविषारी सापाला आपण ‘डुरक्या घोणस’ म्हणतो. नावातच घोणस येते आणि तिच्याबरोबर काठीही. रंग दगा देतात हे ओळखून जुन्या अभ्यासकांनी खवल्यांकडे मोर्चा वळवला. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँक वॉल यांचं विषारी साप ओळखण्याचं मार्गदर्शन छापलं. त्यात मण्यारीची खूण दिली आहे ती पाठीच्या मधल्या रांगेतले खवले, बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे आणि षट्कोनी. पट्ट्यांवर भिस्त ठेवण्यात धोका आहेच, कारण मण्यारीच्या पिल्लांत पट्टे पुष्कळदा मानेपर्यंत येतात, अगदी कवड्यासारखे. म्हणूनच जिवंत साप ‘कवड्याच असेल’ म्हणून हातात घ्यायचा नाही, आणि ‘मण्यारच असेल’ म्हणून मारायचाही नाही. लांबून बॅटरीचा झोत धरायचा, मुलांना आत न्यायचं आणि सर्पमित्राला फोन करायचा.

त्या सकाळी सुपातल्या सापाच्या पाठीवरून मी एक काडी फिरवत नेली, मानेपासून शेपटीपर्यंत. मधल्या रांगेतले खवले बाजूच्या खवल्यांएवढेच होते.